भिंतीकडे तोंड केलेली गाडी

१

"गाडीचं तोंड कायम फाटकाकडे ठेवायचं, लाहू. हाक आली की वळवत बसायला वेळ नसतो."

महादेवराव साव्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी हा आवाज हिरकणीबाईंच्या कानात रोज सकाळी यायचा. तुळशीला पाणी घालून त्या अंगणात उतरल्या की समोर ती जुनी निळी गाडी, फाटकाकडे तोंड करून, चपला घालून दारात बसलेल्या माणसासारखी तयार. तिच्या बॉनेटवर त्या हळदकुंकवाचं बोट टेकवत. विधवेच्या हातचं कुंकू म्हणून बोर्डीतल्या दोघीचौघी मागे कुजबुजायच्या. हिरकणीबाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी बोट जरा मोठं टेकवायच्या.

महादेवरावांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने वाळलेला. क्लच दाबणं जमायचं नाही, म्हणून घोलवडच्या एका इराणी बागायतदाराकडून त्यांनी ही आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली. बायकोलाही समुद्राकाठच्या रस्त्यावर तीच शिकवली, लायसन्स काढून दिलं. आणि तलासरीकडच्या काटीपाड्याला शब्द दिला: बाळंतपणाची हाक आली की गाडी येणार. ते गेल्यावर बाईंनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, पण शब्द मोडला नाही. त्याच पाड्यावरचा लाहू गाडी चालवायचा.

दोन हजार सोळाच्या चैत्रात नेमाप्रमाणे त्या महालक्ष्मीच्या यात्रेला गेल्या. देवीला जायचं ते अनवाणी, एसटीने, घरची गाडी न घेता, हा त्यांचा नेम. लाहू तेवढे दिवस सुट्टी घेऊन पाड्यावर गेला. दोघं परतले ते एकाच संध्याकाळी, अंधार पडता पडता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळंच जरा वाकडं चाललं होतं. सोवळ्याची साडी दोरीवरून काढली तर तिच्यावर काळा ओरखडा. कुंकू टेकवायला गेल्या तर भिंत आणि गाडी यांच्या फटीतून आडवं सरकावं लागलं, पदर चुन्याने पांढरा झाला. यात्रेचा शीण अंगात होता. बाईंनी साडी पुन्हा भिजत घातली आणि विसरल्या.

तेवढ्यात पाड्यावरून फोन आला. बारकीला कळा सुटल्या होत्या. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. लाहूने किल्ली घेतली आणि निघाला.

पाड्याहून तलासरीला जाताना लागणाऱ्या चढणीवर इंजिन ओरडायला लागलं. लाहूने पाय दाबला तसं ते आणखी ओरडलं, आणि गाडी जागची हलेना. मग हळूहळू मागे सरकायला लागली. मागच्या सीटवर बारकी. शेवटी माणसांनी चादरीची झोळी करून तिला मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून एक जीप मिळाली. बारकी वाचली. मूल वाचलं नाही.

संध्याकाळी महादेवरावांच्या पुतण्याने, भावेशने, चौकीत तक्रार दिली. यात्रेच्या दिवसांत लाहूने गाडी चोरून वडापला चालवली, माणसं कोंबून महालक्ष्मीच्या फेऱ्या मारल्या, गिअर जाळला आणि एका मुलाचा जीव घेतला.

बारकी लाहूची सख्खी बहीण होती.

२

गाडी अच्छाडला, नविनच्या गॅरेजात होती. चेकपोस्टजवळ ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर आणि त्यामागे नविनचं पत्र्याचं शेड. नविन जन्मभर ट्रकच दुरुस्त करत आलेला आणि त्याहून जास्त बोलत आलेला.

"आवो मासी, बसा. तुमच्या गाडीने मला कामाला लावलाय. आख्खा गिअरबॉक्स उतरवला. आता मला कोणी म्हणू नये की नविनला ऑटोमॅटिक येत नाही."

"काय झालंय?" हिरकणीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मुळातच हळू. राग आला की तो आणखी खाली जायचा, समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं. नविन वाकला.

"जुओ." त्याने एक थाळा पुढे ओढला. "हे तेल असतं लाल, कोकमाच्या सरबतासारखं. आता बघा."

तेल काळं होतं. करपलेल्या भाकरीचा वास येत होता. बाजूला फडक्यावर क्लचच्या गोल प्लेटा मांडलेल्या, कडेपर्यंत कोळसा झालेल्या.

"ह्या प्लेटा एकमेकींना धरतात तेव्हा गाडी पुढे जाते. ह्यांची पकडच जळाली. मग इंजिन पळतंय, गाडी उभी. थंड असताना थोडं धरेल, गरम झाली, चढ आला, की सटकणार."

"तेल कमी होतं?"

"तेच तर, मासी. तेल पूर्ण. गळती नाही. तुमच्या डहाणूच्या मनिषभाईने टाकलेला माल पण एकदम बरोबर. तेल भरलेलं आणि आतलं सगळं कोरडं जळालेलं. विहिरीत बसून माणूस तहानेने मरावा तसं झालंय."

"वडाप मारून असं होतं?"

नविनने खांदे उडवले. "भावेशभाईचा फोन होता, तो म्हणतो होतं. मी म्हटलं होत असेल. तुमच्या घरची भानगड, आपण कुठे पडा." मग गप्प राहवेना म्हणून त्याने बॉनेट उघडून दाखवलं. "बाकी इंजिन झकास आहे. फॅनबेल्ट तर कोराकरकरीत. आणि तो तुमचा लाहू, खरंच येडा. बहिणीचं असं झालेलं, डोळ्यांतून पाणी, आणि जीपवाला म्हणतो दोरी लावून ओढू, तर हा आडवा झोपला गाडीपुढे. दोरी लावू देईना. ट्रक थांबवला, माणसं गोळा केली, फळ्या लावून चढवली, तेव्हा आला इथे."

लाहू चौकीबाहेरच्या बाकावर बसलेला सापडला. मंगळवारी साहेब जबाब घेणार, तोवर रोज येऊन बसायचं, असा हुकूम होता. बाईंना पाहून तो उठला.

"तू गाडी नेली होतीस का रे?"

"नाही बाय."

"मग असं का सांगत नाहीस तिथे?"

"सांगितलं." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण चालवत तर मीच होतो ना. बारकी भिंतीकडे तोंड करून पडलीय. मी गेलो तरी वळत नाही. तिला वाटतं दादाने वडाप मारलं; सुट्टीत मी दिवसभर रानात असायचो, तिने पाहिलंय कुठे. तिने एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं, बाय. विचारत पण नाही."

"दोरी का लावू दिली नाहीस?"

"शेठनी सांगितलेलं. हिला दोरी नाही म्हणून." त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "का, ते मला नाही माहीत. शेठनी सांगितलं म्हणजे सांगितलं."

परत येताना एसटीत बाईंच्या हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हता.

३

रविवारी त्या डहाणू रोडला गेल्या. स्टेशनजवळच्या गल्लीत मनिषचं गॅरेज. भावेशने त्याच्याही नावाने कुठेतरी बोट दाखवलं होतं, हे मनिषच्या कानावर आलेलं दिसलं, कारण चहा सांगायच्या आधीच तो उसळला.

"काकी, यात्रेच्या आधी मी तेल बदललं ते काकांच्या गाडीचं म्हणून स्वतःच्या हाताने बदललं. गरम करून, इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी बघितली. आणि भावेशशेठ म्हणतात माझं तेल खोटं?"

"तेल बरोबर होतं. नविन म्हणाला."

मनिष जरा निवळला. "नविन म्हणाला? चला, कधी नव्हे ते खरं बोलला."

"आणि बेल्टही तूच नवा टाकलास ना?"

"बेल्ट? नाही. बेल्टला चिरा पडलेल्या, मी दाखवल्या भावेशशेठना. म्हटलं हा कधीही तुटेल, तुटला की बॅटरी भरणार नाही, गाडी रस्त्यात बसेल. ते म्हणाले, गाडी कुठे जातेय, काकी यात्रेहून आल्या की बघू."

बाई उठल्या. चहा तसाच राहिला.

घरी भावेश ओटीवर पाय पसरून बसला होता. बागेचा कारभार तोच बघायचा, चिकूचे करंडे वेळेवर पाठवायचा, माणूस कामाला आळशी नव्हता. त्याला फक्त कोणी जाब विचारलेला चालायचा नाही. त्याची बायको मयूरी आतल्या दारात उभी होती, हातात तांदळाचं सूप, पण निवडत नव्हती.

"काकी, कशाला उन्हातान्हाचं फिरताय? तुमचा लाहू आहेच तसा. तुम्ही गेलात आणि दुसऱ्याच दिवशी आला, गाडी घेऊन गेला. रोज न्यायचा, संध्याकाळी आणून लावायचा. मी बागेतून बघायचो."

"मग बोलला का नाहीस त्याला?"

"तुमचा लाडका. म्हटलं काकी आल्या की सांगू."

"शेवटची कधी आणून लावली त्याने?"

"तुम्ही यायच्या आदल्या संध्याकाळी. माझ्या डोळ्यांदेखत फाटकातून आत घेतली, लावली, गेला. आणि बघा ना, परवा दोरी लावू देईना म्हणे. काहीतरी लपवायचंच होतं ना?" तो हसला. "ह्या लोकांना काकांनी डोक्यावर चढवून ठेवलं. विका ती गाडी आता. अंगण तरी मोकळं होईल."

आत सूप हातातून निसटलं आणि तांदूळ फरशीवर सांडले. मयूरी घाईघाईने ते गोळा करायला बसली.

दिवेलागणीला बाई देवापुढे बसल्या, पण स्तोत्र मध्येच तुटलं. समोर देवीचा टाक होता आणि डोळ्यांपुढे भलतंच काही. उंबरगावच्या रस्त्यावरची ती दुपार. गाडी बंद पडलेली, ओळखीचे लोक ट्रॅक्टर आणि दोरी घेऊन आलेले, आणि महादेवराव कुबडी उगारून बॉनेटला टेकून उभे. कोणी हिला दोरी लावायची नाही. लोक हसले, निघून गेले. ट्रक मिळेपर्यंत दोघं बाभळीखाली बसून राहिले. तेव्हा त्या नवऱ्यावर किती चिडल्या होत्या. आणि ते शांतपणे समजावत होते: "अगं, साध्या गाडीची गोष्ट वेगळी. हिचं इंजिन बंद म्हणजे आतला तेलाचा पंप बंद. ओढत नेली की चाकं फिरणार, चाकांबरोबर आतलं सगळं फिरणार, आणि तेल खाली गप्प बसून राहणार. भरल्या तेलात कोरडी जळेल ही."

विहिरीत बसून तहानेने मेलेला माणूस.

हिरकणीबाईंनी डोळे उघडले. गाडी कोणी चालवून जाळली नव्हती. कोणीतरी ती दोरीने ओढत आणली होती.

आणि ज्याने बहिणीच्या दुःखातही दोरी लावू दिली नाही, त्या लाहूने ती ओढणं शक्यच नव्हतं.

४

सोमवारी हिरकणीबाईंचं मौन असायचं. सूर्योदयापासून दिवा लागेपर्यंत शब्द नाही. घरातल्यांना त्याची इतकी सवय झालेली की त्या दिवशी त्या ऐकतही नसाव्यात असं सगळे वागायचे.

अंघोळ करून सोवळ्याची साडी पिळून त्या परसात गेल्या. झाईच्या कोळ्यांकडून आणलेली बोटीची हिरवी जाड दोरी, दोन माडांना बांधलेली. या दोरीला घरातलं दुसरं कोणी हात लावत नसे, पाहुण्यांची पोरंही नाही. बाई साडी टाकायला गेल्या आणि थांबल्या. महादेवरावांनी बांधलेली गाठ बोटींच्या दोरखंडाला मारतात तशी, चपटी, ओढली की घट्ट होणारी. त्या गाठी त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. आता दोन्ही माडांवर साध्या गाठी होत्या, नाडीला मारतात तशा, एकीवर एक चढवलेल्या.

त्यांनी दोरी सोडली. एक टोक काळं कुळकुळीत, ग्रीस मुरलेलं, धागे तुटून पिंजारलेले. यात्रेहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी साडीवर दिसलेला ओरखडा त्यांना आठवला. ती साडी त्यांनी पुन्हा धुतली होती, तरी डागाची सावली राहिली होती.

बाई किती तरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. देवाच्या वस्त्रांची दोरी. तिनेच गाडी ओढली होती. आणि ते करून पुन्हा तिथेच बांधून ठेवली, म्हातारीला काय कळतंय म्हणून.

मयूरी भाजी चिरत होती. बाई तिच्यासमोर येऊन बसल्या. एका बाजूला साडी ठेवली, डाग वर करून. दुसऱ्या बाजूला दोरी, काळं टोक वर करून. आणि मयूरीकडे बघत राहिल्या.

"काय झालं काकी?"

उत्तर येणार नव्हतं.

"डाग पडलाय? मी धुऊन देते."

बाई बघत राहिल्या. विळीवर मयूरीचा हात थांबला.

"काकी, असं बघू नका ना. काहीतरी बोला." मग तिलाच आठवलं, आज सोमवार. तिचा चेहरा हळूहळू रडवेला झाला. "मी नको म्हटलं होतं. सोवळ्याची आहे, नको म्हटलं. पण घरात दुसरी एवढी जाड दोरी नव्हती. ह्यांचा फोन आला अच्छाडहून, मित्राच्या हळदीला गेले होते उंबरगावला, मिरवायला गाडी नेली. येताना बेल्ट तुटला, बॅटरी संपली. म्हणाले दोरी दे चिकूच्या टेम्पोबरोबर. मी सोडून दिली. तिथून इथपर्यंत टेम्पोने ओढत आणली. मग मीच परत बांधली, मला ती काकांची गाठ येत नाही."

बाईंनी एकदाही मान हलवली नाही.

"दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून बेल्ट टाकला, गाडी चालू झाली. हे म्हणाले, बघ, काही झालं नाही. गरम होऊ दिली आणि तोंड वळवून ठेवायला मागे घ्यायला लागले. फाटकाच्या उंचवट्यावर इंजिन ओरडलं आणि गाडी घसरत परत भिंतीला आली. दोनदा केलं. दोनदा तसंच." मयूरीने पदर तोंडात धरला. "म्हणजे ह्यांना माहीत होतं, काकी. त्या सकाळी लाहू किल्ली घेऊन धावत आला ना, तेव्हा हे गॅलरीत दात घासत उभे होते. मी म्हटलं, सांगा हो त्याला. तर म्हणाले, गप, थंड आहे, जाईल तशीच."

५

मंगळवारी सकाळी भावेश चौकीत जायला निघाला होता, जबाबाला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. हिरकणीबाई ओटीच्या पायरीवर बसल्या होत्या. पूजा आटोपली होती. त्यांनी हाताने बस म्हटलं.

"उशीर होतोय काकी."

"बस."

आवाज इतका खाली होता की त्याला बसावंच लागलं.

"लाहूने गाडी आणून लावली, असं तू म्हणालास. तुझ्या डोळ्यांदेखत."

"हो."

"मी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी कुंकू लावायला मला भिंतीच्या फटीत शिरावं लागलं. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. लाहूने एवढ्या वर्षांत एकदा तरी गाडी तोंड भिंतीकडे करून लावलेली पाहिलीस?"

"घाईत लावली असेल."

"घाई म्हणूनच तोंड फाटकाकडे ठेवायचं, हे त्याला तुझ्या काकांनी शिकवलं. टेम्पोमागे दोरीने बांधलेली गाडी मात्र उलटी करून आत घालता येत नाही. ती ओढली जाते तशीच, तोंड पुढे करून, येते."

भावेशचा हात खिशात गेला, फोन बाहेर आला, परत आत गेला.

"बेल्ट मनिषने टाकला नाही. म्हणजे तो रस्त्यात तुटला. तेल भरलेलं होतं आणि प्लेटा कोरड्या जळल्या. म्हणजे इंजिन बंद असताना चाकं फिरली. माझ्या सोवळ्याच्या दोरीला ग्रीस लागलं. त्या दोरीला लाहू हात लावत नाही. पाड्यावरचं कोणी लावत नाही. ती सोडून नेऊ शकतं ते फक्त घरातलं माणूस."

"मयूरी बोलली का काही?" तो आत बघून म्हणाला.

"मयूरीचं नाव काढू नकोस. गाठ बोलली, साडी बोलली. तिने बोलायच्या आधी मला कळलं होतं."

तो एकदम चढ्या आवाजात सुरू झाला. "बरं, ओढली. आख्खं जग गाड्या दोरीने ओढतं. मला काय माहीत हिचं वेगळं असतं? काकांनी मला कधी सांगितलं? ड्रायव्हरला सांगितलं, पुतण्याला नाही. चूक झाली. मुद्दाम थोडंच केलं?"

"ओढलीस त्याबद्दल मी बोलत नाहीये," हिरकणीबाई म्हणाल्या. "ते अज्ञान. त्याला माफी आहे. मित्राच्या हळदीत मिरवलीस, मला विचारलं नाहीस, त्यालाही आहे. पण फाटकावर ती दोनदा घसरली ते तू पाहिलंस. आणि लाहू किल्ली घेऊन धावला तेव्हा तू वर उभा होतास."

भावेशने मान खाली घातली.

"तोंडात ब्रश होता तुझ्या. बाहेर काढून एक वाक्य बोलायचं होतं. गाडी नेऊ नको. चिकूचा टेम्पो दारात उभा होता, तो गेला असता. रिक्षा गेली असती. एक वाक्य, भावेश. मी सोमवारी गप्प असते ते देवासाठी. तू गप्प बसलास ते काकी रागावेल म्हणून. आणि तिथेही थांबला नाहीस. मूल गेल्यावर तोंड उघडलंस, ते लाहूवर ढकलायला."

त्यांनी हात पदराखाली घेतले. 

"मी तक्रार मागे घेतो," तो पुटपुटला. "साहेबांना सांगतो गैरसमज झाला."

"गैरसमज नाही. खोटं. तेच सांगायचं. मी बरोबर येते. मग तिथून काटीपाड्याला जायचं."

"पाड्यावर? काकी, ते लोक मारतील मला."

"नाही मारणार. ऐकून घेतील. तुला त्याचंच जड जाईल."

त्यांनी त्याला नेलं. चौकीत साहेबाने लिहून घेतलं आणि लाहूला घरी जा म्हणाला, एवढंच, जणू काही घडलंच नव्हतं. पाड्यावर बारकीच्या कुडाच्या घरात भावेश दारातच उभा राहिला, आत कोणी बोलावलं नाही. त्याने सांगितलं. पहिल्यांदा इतकं हळू की तिच्या सासूने, नवशीने, म्हटलं, "ऐकू नाय आला. परत सांग." त्याने परत सांगितलं. सगळं, गॅलरीसकट.

बारकी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. त्याचं सांगून झालं. मग ती वळली. तिने भावेशकडे बघितलंच नाही. दारामागे उभ्या भावाकडे बघितलं आणि हात पुढे केला.

बाई निघाल्या तशी बारकीने विचारलं, "आता गाडी नाय येणार ना, बाय?"

"येईल," हिरकणीबाई म्हणाल्या. "दुरुस्त झाली की येईल. लाहू आला तर तो आणेल. नाही आला तरी येईल."

६

लाहू आला नाही. स्टिअरिंगवर बसलं की पाय दाबवत नाही, म्हणाला. बाईंनी आग्रह केला नाही.

नविनने नव्या प्लेटा, नवी सीलं मिळवायला मुंबईच्या दोन फेऱ्या केल्या, गिअरबॉक्स दोनदा जोडून दोनदा उघडला, आणि तिसऱ्यांदा चढणीवर स्वतः चालवून दाखवली. "मासी, आता दोरी दिसली तरी दगड मारा," म्हणाला. बाई तेव्हापासून रोज सकाळी पूजेनंतर गाडी काढू लागल्या. आधी शाळेपर्यंत, मग घोलवडपर्यंत, मग झरीच्या चढणीपर्यंत. बोर्डीतल्या त्या दोघीचौघींना कुजबुजायला नवा विषय मिळाला. भावेश आता पाय पोटाशी घेऊन ओटीवर बसायचा आणि त्या निघाल्या की फाटक उघडून धरायचा. बाई त्याच्याशी कामापुरतं बोलत. राग गेला नव्हता. तो गेला असं दाखवायचं त्यांनी ठरवलंही नव्हतं.

भाद्रपदातल्या एका सोमवारी, तुळशीला पाणी घालून होतंय तोच फोन वाजला. मयूरीने तो आणून त्यांच्या कानाला लावला.

"बाय, तुम्ही बोलू नका, मला माहीत आहे सोमवार." लाहूचा श्वास लागलेला होता. "आमच्या पाड्यावरच्या जिवलीला कळा सुटल्यात. पावसाने खालचा रस्ता गेलाय, सरकारी गाडीला वेळ लागेल म्हणतात. येईल का गाडी?"

हिरकणीबाईंनी देवघराच्या खुंटीवरची किल्ली काढली आणि फोनजवळ धरून हलवली.  पलीकडून लाहू म्हणाला, "ऐकू आलं, बाय."

त्या अंगणात उतरल्या. बॉनेट ओलं होतं, तरी कुंकवाचं बोट टेकवलं. आत बसल्या, किल्ली फिरवली. भावेश पावसात पळत गेला आणि त्याने फाटक पूर्ण उघडलं.

गाडीचं तोंड फाटकाकडेच होतं.